पार्किन्सनवर पीएचडी करणार? आधी पेशी बघा, मग जनुक निवडा

नेट किंवा डीबीटी-जेआरएफ या संशोधनवृत्तीच्या परीक्षा काढून आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, कुठल्या जनुकावर काम करू?" मी आधी पेशीबद्दल वाचायला लावते.

मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागात डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी असतात. पार्किन्सनमध्ये त्या मरतात; त्यांच्या शेजारच्याच, डोपामिनच बनवणाऱ्या दुसऱ्या गटातल्या पेशी मात्र बऱ्याच तगतात. असं का, हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही. नायग्रातल्या पेशीच्या अक्षतंतूला (संदेश पुढे नेणाऱ्या लांब धाग्याला) अफाट फांद्या असतात. कुणी चेतवलं नाही तरी ती सतत स्पंदत राहते, दर स्पंदनाला कॅल्शियम आत येतं आणि ते बाहेर काढायला ऊर्जा लागते. मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांवर, कायमचा ताण. हे पटण्यासारखं असलं, तरी कॅल्शियमची वाट अडवणारं इस्राडिपिन हे औषध रुग्णांवर तपासलं तेव्हा आजार मंदावला नाही. २०२० मध्ये तो निकाल छापून आला. नव्या मुलांना मी हा पेपर आवर्जून देते.

पेशी समजली की जनुकं आपोआप जागेवर बसतात. पिंक१ आणि पार्किन ही जनुकं बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाची विल्हेवाट लावतात. ती एकाच साखळीत आहेत, हे २००६ मध्ये फळमाशीत दिसलं. जीबीए१ या जनुकाचं विकर (एन्झाइम) लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्यांत, काम करतं. एसएनसीए हे अल्फा-सिन्युक्लिन प्रथिनाचं जनुक. त्यातलं म्युटेशन १९९७ मध्ये एका इटालियन वंशाच्या कुटुंबात सापडलं आणि त्याच वर्षी लेवी बॉडीजमध्ये (रुग्णांच्या चेतापेशींत दिसणाऱ्या गोळ्यांमध्ये) हेच प्रथिन साठतं हेही कळलं. पुढे या जनुकाची प्रत जास्त झाली तरी आजार होतो, हे दिसलं.

कारण आणि जोखीम यांत गल्लत करू नका. २००९ च्या बहुकेंद्री अभ्यासात पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये जीबीए१चे बदल असण्याची शक्यता निरोगी लोकांच्या पाचपटीहून अधिक निघाली. तरीही हे बदल असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन होत नाही. रुग्णाची मुलगी "मलाही होणार का?" म्हणून विचारते, तेव्हा हे वाक्य तिला नीट सांगता आलं पाहिजे. टेस्टचा कागद हातात देऊन मोकळं होणं मला मान्य नाही. जेनेटिक कौन्सेलिंगच्या ओपीडीत काही दिवस बसायची परवानगी मिळाली तर नक्की बसा.

परदेशी पेपर वाचून एलआरआरके२ या जनुकातलं जी२०१९एस हे म्युटेशन शोधायला निघू नका. ते अश्केनाझी ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतल्या लोकांत बरंच आढळतं. भारतीय रुग्णांत अगदी विरळा. २०१९ च्या मोठ्या विश्लेषणात जोखमीशी जोडलेले ९० जनुकीय संकेत मिळाले, पण नमुने युरोपीय वंशाचे होते. २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांत जीबीए१चाच एक वेगळा बदल सापडला, जो युरोपीय नमुन्यांत जवळपास नव्हताच. आपल्याकडचे नमुने गोळा करण्याचं कंटाळवाणं काम म्हणूनच मला इतकं मोलाचं वाटतं.

आता पेशींची मोजणी. उंदराच्या मेंदूच्या कापांवर डोपामिन बनवायला लागणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराचं स्टेनिंग करतात, म्हणजे ते असलेल्या पेशी रंगवतात. रंगलेल्या पेशी कमी भरल्या की "पेशी मेल्या" असं लिहायचा मोह होतो. पण पेशी जिवंत राहूनही ते विकर बनवणं थांबवू शकते. म्हणून शेजारच्या कापावर निस्लचं (सगळ्याच चेतापेशी रंगवणारं) स्टेनिंग करून तिथली मोजणीही पडताळा. माणसाच्या ऊतीत आणखी एक पेच आहे: या पेशींत न्यूरोमेलॅनिन हे रंगद्रव्य असतं, तेही तपकिरी, आणि स्टेनिंगसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या डीएबी या क्रोमोजेनचा (रंग देणाऱ्या रसायनाचा) रंगही तपकिरीच. तिथे दुसऱ्या रंगाचं क्रोमोजेन वापरा.

लॅब निवडताना गाइडच्या पेपरची यादी बघालच. त्याबरोबर तिथल्या सीनियर मुलांना बाजूला घेऊन विचारा: मोजणी कोण करतं, स्लाइडवर कोड टाकतात का, आणि कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मोजणाऱ्याला आधीच माहीत असतं का. उत्तर द्यायला ती घुटमळली, तर दुसरी लॅब बघा.