क्लबचा जुना फोरम ओस पडतोय? आधी धागे वाचवा, मग बाकीचं ठरवा

क्लबच्या चाहत्यांचा फोरम एका रात्रीत बंद पडत नाही. सामन्याच्या दिवशी धागा (एका विषयावरची चर्चा) अजूनही दोन-तीनशे प्रतिसाद गाठतो आणि अ‍ॅडमिनला वाटतं, सगळं आलबेल आहे. आठवड्याचे उरलेले दिवस मात्र तीच सात-आठ नावं एकमेकांशी बोलत असतात. मग एक दिवस होस्टिंगचं बिल थकतं किंवा सर्व्हरवर काहीतरी बदलतं आणि पंधरा-वीस वर्षांचं लेखन एकदम गायब होतं.

माणसं कुठे गेली हे उघड आहे: व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक ग्रुप, रेडिट, डिस्कॉर्ड. ती थांबवता येत नाहीत. बीबीसीसारख्या संस्थेलाही '६०६' हे आपलं चर्चापीठ २०११ मध्ये बंद करावं लागलं. फोरम पुन्हा उभा करायचा असो की सन्मानाने बंद करायचा असो, पहिलं काम एकच, आणि ते म्हणजे आहे ते लेखन सुरक्षित करणं. फोरमचा जीव जाईपर्यंत थांबलात तर वाचवायला काही उरत नाही.

आधी नाडी तपासा

एकूण प्रतिसादांचा आकडा फसवा असतो. दर महिन्याचे तीन आकडे काढा: किती वेगवेगळ्या सभासदांनी लिहिलं, सर्वाधिक लिहिणाऱ्या दहा जणांचा वाटा किती टक्के, आणि नव्याने नोंदणी केलेल्यांपैकी किती जणांनी तीस दिवसांत पहिला प्रतिसाद दिला. पीएचपीबीबी या फोरम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं डेटाबेसमधल्या प्रतिसादांच्या आणि सभासदांच्या तक्त्यांतून निघतं. वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत साठवलेली असते, ती तारखेत बदलून महिन्यानुसार गट पाडायचे. तुलना आधीच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. हंगाम संपला की आकडे पडतात आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या काळात अफवांच्या धाग्यांनी फुगतात. त्यावरून काही ठरवलंत तर चुकाल.

प्रतिसाद तेवढेच पण लिहिणारे कमी, याचा अर्थ फोरम हळूहळू खासगी कट्टा बनतोय. नोंदणी होते पण पहिला प्रतिसादच येत नाही, तर दोष बहुधा तांत्रिक असतो आणि तो सहसा ईमेलमध्ये सापडतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याच्या ओळखीचे नियम कडक केले. जुन्या फोरमची पुष्टीची ईमेल थेट सर्व्हरवरून, कसलीही ओळख न पटवता निघते. ती स्पॅममध्ये पडते किंवा पोचतच नाही. नवा माणूस दोन दिवस वाट पाहतो आणि निघून जातो. अ‍ॅडमिनला याचा पत्ताच नसतो, कारण कोणी तक्रार करायची म्हटली तरी आत येऊनच करावी लागणार.

तपासणी सोपी आहे. नवं जीमेल खातं काढा, त्यावरून फोरमवर नोंदणी करा, आलेल्या ईमेलचा मूळ मजकूर उघडा आणि एसपीएफ व डीकेआयएम या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या दोन तपासण्यांसमोर 'पास' आहे का बघा. नसेल तर फोरमच्या सेटिंगमध्ये एसएमटीपी (मेल सर्व्हरमार्फत पाठवण्याची पद्धत) चालू करून अधिकृत खात्यातून ईमेल पाठवा. डोमेनवर एसपीएफची नोंद एकच ठेवा. होस्ट बदलताना जुनी तशीच ठेवून दुसरी टाकली की तपासणी नापास होते. ही चूक फार ठिकाणी सापडते.

किल्ल्या कोणाकडे आहेत?

डोमेन, होस्टिंग, डेटाबेस, अ‍ॅडमिन खातं आणि ईमेल या पाच गोष्टींचा ताबा कोणाकडे आहे ते लिहून काढा. बऱ्याच फोरमांत सगळं एकाच माणसाच्या नावावर असतं आणि तो फोरमवर फिरकेनासा झालेला असतो. प्रत्येक गोष्टीला किमान दोन माणसं हवीत, आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनचे राखीव कोड दोघांकडेही हवेत.

यातला सर्वांत वाईट सापळा म्हणजे डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल पत्ता दिलेला असणं. मुदत संपली की तो पत्ताच बंद पडतो आणि नूतनीकरणाचं स्मरणपत्र कोणाला दिसत नाही. डॉट कॉम डोमेनची वाढीव मुदत उलटून ते रद्द झालं की तीस दिवस जादा शुल्क भरून परत मिळवता येतं. त्यानंतरचे पाच दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते कोणालाही मिळू शकतं. चांगल्या नावावर जुगाराची जाहिरात लावणारे टपलेलेच असतात. म्हणून संपर्काचा पत्ता आजच बदला.

बॅकअप: दोन वस्तू, एक नव्हे

फोरम म्हणजे डेटाबेस आणि फाइली, दोन्ही मिळून. पीएचपीबीबी जोडलेल्या फाइली 'फाइल्स' फोल्डरमध्ये अनाकलनीय नावांनी, एक्स्टेन्शनशिवाय ठेवतं. कोणती फाइल मूळची कोणती हे फक्त डेटाबेसला ठाऊक असतं. झेनफोरो या दुसऱ्या फोरम-सॉफ्टवेअरमध्ये दोन फोल्डर लागतात, 'डेटा' आणि 'इंटर्नल डेटा'. व्हीबुलेटिनमध्ये सेटिंगनुसार फाइली डेटाबेसमध्येही असू शकतात, मग डेटाबेस अवाढव्य होतो. दोन्हींतली एकच गोष्ट उतरवली तर बॅकअप अपुरा.

डेटाबेस ब्राउझरमधल्या पीएचपी-मायअ‍ॅडमिनमधून काढू नका. मोठ्या फोरमला मध्येच वेळमर्यादा लागते आणि अर्धवट फाइल हातात येते, जी दिसायला पूर्णच दिसते. सर्व्हरवर कमांड लाइनने मायएसक्यूएल-डंप ही डेटाबेसची प्रत फाइलीत काढणारी आज्ञा चालवा आणि फाइलची शेवटची ओळ बघा. डंप पूर्ण झाल्याची नोंद तारखेसकट तिथे असते. ती नसेल तर बॅकअप झालेलाच नाही. तक्ते जुन्या मायआयसॅम प्रकारचे असतील तर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा, फोरम चालू असताना सुसंगत डंप काढण्याचा पर्याय उपयोगाचा नाही. त्या वेळी फोरम तासभर बंद ठेवा, नाहीतर प्रतिसाद आहेत पण धागा नाही, अशी गत होते.

अक्षरांचा घोळ वेगळा. जुन्या तक्त्यांवर लॅटिन-१ या जुन्या कॅरेक्टर सेटचा (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा) शिक्का असतो आणि आत प्रत्यक्षात यूटीएफ-८ या नव्या पद्धतीचं लेखन भरलेलं असतं. उतरवताना दुहेरी रूपांतर झालं की स्वरचिन्हं असलेल्या खेळाडूंच्या नावांचा चिवडा होतो. डंपमध्ये अशी चार-पाच नावं शोधून बघा. बिघडली असतील तर तक्त्याचा जो शिक्का आहे तोच कॅरेक्टर सेट देऊन डंप पुन्हा काढा.

मग खरी परीक्षा: दुसऱ्या संगणकावर रिकाम्या डेटाबेसमध्ये सगळं परत भरा आणि फोरम उघडा. सर्वांत जुना धागा, सर्वांत लांब धागा आणि जोडलेला फोटो असलेला एखादा धागा, हे तीन उघडले तर बॅकअप खरा. त्याच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या ठिकाणी.

हे लांबणीवर टाकू नका. हे फोरम ज्या पीएचपी भाषेत लिहिलेले आहेत, तिच्या ७.० आवृत्तीत डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल जोडणी कायमची काढून टाकली गेली. व्हीबुलेटिन ३ किंवा त्या काळातलं काही अजून चालत असेल तर होस्टने पीएचपीची आवृत्ती वाढवल्याच्या क्षणी तिथे पांढरं पान दिसेल.

वाचनमात्र प्रत

बॅकअप तुमच्यासाठी असतो, वाचकासाठी साध्या एचटीएमएल पानांची प्रत लागते. तिला ना पीएचपी लागतं ना डेटाबेस, त्यामुळे कोणत्याही साध्या सर्व्हरवर ती वर्षानुवर्षं चालते आणि हॅक होण्यासारखं तिच्यात जवळजवळ काही उरत नाही. डब्ल्यूगेट किंवा एचटीट्रॅक या साइट उतरवणाऱ्या साधनांनी ती काढता येते. डब्ल्यूगेटमध्ये 'मिरर', दुवे स्थानिक करण्याचा, पानासोबतची चित्रं घेण्याचा आणि दोन विनंत्यांमध्ये एक सेकंद थांबण्याचा, असे चार पर्याय चालू ठेवा. सोबत वॉर्क फाइलही बनवा, तिच्यात पानं जशीच्या तशी साठतात. वेबपानं जपणाऱ्या संस्था हाच प्रकार वापरतात.

मोकाट सोडलंत तर हे काम कधीच संपत नाही. पीएचपीबीबी पाहुण्याच्या प्रत्येक दुव्याला 'एसआयडी' (भेटीचा क्रमांक) नावाची शेपटी जोडतं, म्हणजे तेच पान शंभर पत्त्यांवर दिसतं. शोध, सभासद यादी, 'उत्तर द्या', 'छापा', लॉगिन, कॅलेंडर आणि एकेका प्रतिसादाचे स्वतंत्र दुवे वगळा. फक्त विभागांची पानं आणि धाग्यांची पानं घ्या. काम संपल्यावर उतरलेल्या धाग्यांची संख्या डेटाबेसमधल्या सार्वजनिक धाग्यांच्या संख्येशी ताडून पाहा.

प्रत पाहुणा म्हणूनच काढा, अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करून नको. नाहीतर मॉडरेटरांची खोली, कोणाला का हाकललं याची चर्चा आणि डू आयडींचे (एकाच माणसाच्या जादा खात्यांचे) आयपी पत्ते, सगळं जगापुढे येईल. डेटाबेसच कोणाला द्यायचा असेल तर आधी पासवर्डचे हॅश (त्यांची सांकेतिक रूपं), ईमेल, आयपी पत्ते आणि खासगी निरोप पुसा. जुन्या फोरमांतले हॅश बहुधा एमडी५ या जुन्या पद्धतीच्या धाटणीचे असतात आणि ते आज सहज फुटतात.

हरवलेले फोटो

फोरमवरचे बहुतेक फोटो फोरमवर नव्हतेच. फोटोबकेटने २०१७ मध्ये बाहेरच्या साइटवर फोटो दाखवणं मोफत खात्यांसाठी थांबवलं, टायनीपिक २०१९ मध्ये बंद झालं, इमगरने २०२३ मध्ये खात्याशिवाय चढवलेली जुनी, पडून असलेली चित्रं काढायला सुरुवात केली. पाडलेल्या स्टँडचे, बाहेरगावच्या सामन्यांचे, हाताने रंगवलेल्या बॅनरचे कितीतरी फोटो यात गेले.

जे उरलंय ते असं काढा: सगळ्या प्रतिसादांतून चित्रांचे दुवे वेचा, साइटनुसार लावा, उतरवा आणि दुवे स्वतःच्या सर्व्हरकडे वळवा. काही साइट 'चित्र नाही' म्हणण्याऐवजी भलतंच सूचनाचित्र देतात, आणि सॉफ्टवेअरच्या मते ते उतरवणं यशस्वीच असतं. म्हणून फाइलींच्या आकारावर नजर ठेवा. शेकडो फाइली बाइटबरहुकूम सारख्या निघाल्या तर ते सूचनाचित्र. अशांचा मूळ पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा. सगळं मिळत नाही, पण काहीतरी हाती लागतं.

चालू ठेवायचा असेल तर

सामना चालू असतानाची बडबड मोबाइलवाल्यांना देऊन टाका. त्या शर्यतीत फोरम हरलेला आहे. फोरमची ताकद दुसऱ्या दिवशी सकाळी कळते: डावपेचांवर सावकाश चाललेला वाद, अकादमीतल्या पोरांवर नजर ठेवणारा धागा, वर्षानुवर्षं वाढत जाणारी आकडेवारी. असे धागे वर ठेवा.

उपविभाग कमी करा. वीस विभागांपैकी बारा महिनोन्‌महिने रिकामे दिसले की नवा माणूस दारातूनच परततो. तीस दिवसांत नवा धागा न आलेला विभाग शेजारच्यात मिसळा, चार-पाच पुरतात. धागा हलवला तरी त्याचा क्रमांक तोच राहतो, म्हणून जुने दुवे सहसा तुटत नाहीत. राजकारणाचा विभाग क्लबच्या विभागापेक्षा जास्त गजबजला असेल तर तो बंद करणंच बरं, मग चार जुने सभासद रुसले तरी चालेल.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जाताना पासवर्ड सोबत येतीलच असं नाही. आले नाहीत तर सगळ्यांना नवा पासवर्ड ईमेलने घ्यावा लागतो आणि ज्यांचा पत्ता मेलेला असतो ते कायमचे बाहेर राहतात. म्हणून महिनाभर आधीपासून पत्ता अद्ययावत करायला सांगा. फेसबुक किंवा डिस्कॉर्डवर जाणं मात्र स्थलांतर नव्हे. जुनं लेखन तिथे जात नाही आणि नवं लेखन शोधयंत्राला जवळजवळ दिसत नाही.

बंद करायचा असेल तर

ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी कायद्यातल्या बेकायदेशीर मजकुराबाबतच्या जबाबदाऱ्या मार्च २०२५ पासून लागू झाल्या, त्या सुमारास काही छोट्या फोरमांनी बंद होत असल्याचं जाहीर केलं. कारण काहीही असो, घाईने कुलूप लावू नका. हंगामातल्या घरच्या शेवटच्या सामन्याआधी घोषणा करा, कारण तेव्हा सर्वाधिक जुने सभासद डोकावतात. घोषणा आणि कुलूप यांत नव्वद दिवस ठेवा. आधी नवी नोंदणी बंद, महिन्याने नवे धागे बंद, शेवटी प्रतिसाद. सभासदांना खासगी निरोप उतरवून घ्यायला सांगा आणि आपलं लेखन संग्रहातून काढायचं असल्यास कुठे कळवायचं तो पत्ता द्या. तो पत्ता बंद झाल्यानंतरही कोणीतरी वाचत असला पाहिजे.

संग्रहाला दर्शनी पान करा. लाखभर धाग्यांत कोणी शोधत बसत नाही. हंगामवार शंभरेक धागे हाताने निवडा आणि प्रत्येकाखाली दोन ओळींत आत काय आहे ते लिहा: मैदान सोडतानाच्या आठवणी, मालकांविरुद्धचं आंदोलन, गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली. अख्ख्या कामात सर्वांत जास्त वेळ यालाच लागतो. तो जुन्या मॉडरेटरांत वाटून घ्या, एकेकाला तीन-चार हंगाम.

जुने पत्ते नव्या पानांकडे ३०१ प्रकाराने, म्हणजे कायमचे, वळवा आणि डोमेन दहा वर्षांचं भरून ठेवा. डॉट कॉमला एका वेळी त्याहून जास्त भरता येत नाही. मग विकिपीडियातले संदर्भ आणि इतर साइटवर दिलेले फोरमचे वीसेक जुने दुवे गोळा करून एकेक उघडा. त्यात पान क्रमांक असलेले आणि थेट एखाद्या प्रतिसादाकडे नेणारे दुवे नक्की घ्या, कारण वळवण्याचा नियम बहुतेक वेळा त्यांच्यावरच अडतो.