वागळेहून महापेला सर्व्हर हलवताय आणि आयपी तोच ठेवायचाय? आधी हे बघून घ्या

हे जमतं लिस्पने, म्हणजे जागा बदलली तरी सर्व्हरचा आयपी तोच ठेवू देणाऱ्या राउटरांमधल्या प्रोटोकॉलने. रॅक टेम्पोत चढायच्या आधी कागदावर दोन रकाने पाडा, कोण आहे आणि कुठे आहे. साध्या आयपीत ही दोन्ही उत्तरं एकाच आकड्यात कोंबलेली असतात, सगळी अडचण तिथेच आहे. आमच्या हिशोबाच्या सर्व्हरवर मार्करने लिहिलेली पट्टी आहे, १०.२०.३०.१५, आणि हा आकडा प्रत्येक बारकोड मशीनमध्ये हाताने टाकलेला आहे. हा झाला ईआयडी, म्हणजे कोण आहे याचं उत्तर, तो बदलत नाही. राउटरला प्रोव्हायडरने दिलेला बाहेरचा आयपी म्हणजे आरलॉक, कुठे आहे याचं उत्तर, तो महापेला बदलणारच, लिस्प फक्त कोणता ईआयडी कोणत्या आरलॉकमागे आहे हे मॅप सर्व्हरला, म्हणजे ही यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला, सांगतो.

सबनेट (एकत्र असलेल्या आयपींचा गट) अर्धं इकडे अर्धं तिकडे करू नका, जमतं पण डोकेदुखी फार. फायरवॉलमध्ये यूडीपी ४३४१ डेटासाठी आणि ४३४२ कंट्रोलसाठी उघडा, मॅप सर्व्हरची की (पासवर्ड) राउटर आणि मॅप सर्व्हर दोन्हीकडे जुळवा.

एमटीयूवर (एका पॅकेटची कमाल साइझ) मात्र खरंच वेळ द्या, कारण लिस्प पॅकेटवर बाहेरून दुसरं पाकीट चढवतो, त्यामुळे आयपीव्ही४ वर प्रत्येक पॅकेटला ३६ बाइट जास्तीचे चिकटतात, म्हणजे १५०० च्या लाइनवर आत १४६४च उरतात, आणि मग पिंग छान जातो, लॉगिन होतं, पण मोठा रिपोर्ट उघडला की स्क्रीन नुसती फिरत राहते, त्यामुळे डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेट तोडू नका) लावून १४३६ चा पिंग (वर हेडरचे २८ धरून १४६४) जातोय का बघा, आणि टीसीपी एमएसएस, म्हणजे हेडरचे ४० सोडून एका पॅकेटमधला डेटा, १४२४ वर आणा. पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) लाइन असेल तर अजून ८ कमी करा.

दोन प्रोव्हायडर असतील तर प्रत्येक लाइनची प्रायॉरिटी आणि वेट (सारख्या प्रायॉरिटीत कोणावर किती भार) ठरवा, प्रायॉरिटीत लहान आकडा आधी आणि २५५ म्हणजे वापरूच नका. दोन्ही फायबर एकाच डक्टमधून येत नाहीत ना हे स्वतः जाऊन बघा, पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रोडला एका खोदकामात आमच्या दोन्ही लाइनी गेल्या होत्या.

कोणी म्हणेल सरळ बीजीपीत (इंटरनेटवरचे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) टाका ना पब्लिक आयपींचा ब्लॉक. टाकता येतो, पण तो जगभरच्या राउटरांच्या टेबलात जाऊन बसतो, २००६ च्या ऑक्टोबरात ॲमस्टरडॅमला आयएबीची (इंटरनेट आर्किटेक्चर बोर्ड) कार्यशाळा झाली ती याच वाढीच्या काळजीने, आणि १२ ऑगस्ट २०१४ ला टेबल ५ लाख १२ हजारांच्या वर गेलं तेव्हा काही जुन्या राउटरांची मेमरी खरंच भरली.

कॅशचा टीटीएल, म्हणजे बाकीचे राउटर जुना आरलॉक किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत, बऱ्याच राउटरवर २४ तास असतो, तो आदल्या दिवशीच खाली आणा. आणि वागळेचा जुना राउटर चालू ठेवायचा असेल तर त्याचं मॅप सर्व्हरवरचं रजिस्ट्रेशन आधी काढा, ३ मिनिटं थांबा, मगच महापेचं चालू करा, नाहीतर एकाच ईआयडीवर दोघं हक्क सांगतील.