पद्मिनीचा मॅनिफोल्ड आणि साबणाचं पाणी

बाबांच्या पद्मिनी गाडीच्या १०८९ सीसी इंजिनाला टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बसवला, पण बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, ०.२ बारच्या वर चढेना. उगाच टर्बोला शिव्या घातल्या. कुर्ल्यातले मेकॅनिक काका म्हणाले, "अरे, इंजिनाकडे हवा नेणारा हा मॅनिफोल्ड ती ओढायला केलेला, दाब सोसायला नाही." मॅनिफोल्डची तोंडं बंद करून कॉम्प्रेसरची हवा सोडली, सांध्यांवर साबणाचं पाणी ओतलं. फ्लँजपाशी (मॅनिफोल्ड इंजिनाला जिथे बसतो ती सपाट कड) बुडबुडेच बुडबुडे! सरळपट्टी लावली तर मधे चक्क फट. मिलिंगवाल्याकडून फ्लँज सपाट करून घेतला, गॅस्केट नवी टाकली. ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीत वन-वे व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागात) शिरतो (एक ऑइल सील घालवून शिकलो). कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरलाही (पेट्रोल साठणारा कप्पा) बूस्टची नळी जोडली, नाहीतर पेट्रोल जेटमधून (बारीक भोकातून) वर येतच नाही. आता ०.४ बार टिकतो.