समानव अवकाशकुपी परतीसाठी कशी आखावी

आखणीत पहिला निर्णय आकाराचा घ्यावा, आणि तो बोथटच असावा. टोकदार नाकाला आघात-लहर (अतिवेगवान वस्तूपुढे दाबली गेलेली तप्त हवेची लाट) जवळजवळ चिकटून राहते, तर बोथट तळापुढे ती दूर ढकलली जाते आणि बरीचशी उष्णता हवेतच उरते, हे अमेरिकी अभियंते हार्वी ॲलन यांनी 1950च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. उरलेल्या उष्णतेसाठी तळाला जळत-झिजत जाणारे कवच बसवावे.

त्यानंतर गुरुत्वमध्य मुद्दाम अक्षापासून थोडा बाजूला ठेवावा. त्यामुळे कुपी किंचित कललेली राहते, तिला थोडे उत्थापन (हवेचा वर उचलणारा जोर) मिळते आणि तिला स्वतःभोवती फिरवून त्या उत्थापनाची दिशा बदलता येते. रशियाच्या सोयुझ यानात या युक्तीमुळे अंतराळवीरांवरचा भार 4 ते 5 जीच्या (1 जी म्हणजे पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाएवढा भार) आसपास राहतो. ती साधली नाही, तर तो 8 जीपर्यंत जातो. माझ्या मते इतक्या कमी खर्चात इतका लाभ देणारी दुसरी तरतूद या यंत्रात नाही.

राखीव पॅराशूट केवळ असून भागत नाही, त्याची उघडण्याची वाट स्वतंत्र असावी लागते. 1967 मध्ये सोयुझ-1 चे मुख्य पॅराशूट बाहेरच आले नाही, राखीव पॅराशूट आधीच्या छोट्या छत्रीत गुंतले आणि व्लादिमिर कोमारोव्ह प्राणास मुकले.

जमिनीवर उतरायचे असल्यास पॅराशूट पुरेसे नसते. सोयुझ उष्णताकवच आधीच टाकून देते, त्यामागची रॉकेटे जमीन मीटरभराहूनही कमी उरली असता पेटतात, आणि राहिलेला धक्का प्रत्येकाच्या अंगाच्या साच्यावर घडवलेले आसन झेलते.