‘ॲना’ सफरचंद : लाल होण्याची वाट पाहू नका

इस्राएलमधल्या एन शेमेर किबुत्झवर (सामुदायिक शेतवस्तीवर) अब्बा श्टाइन यांनी १९५०च्या दशकात ‘रेड हदस्सिया’ आणि ‘गोल्डन डिलिशस’ यांच्या संकरातून ॲना तयार केली, तीच मुळी उबदार हिवाळ्यासाठी. ७ अंश सेल्सिअसखालची २०० ते ३०० तास थंडी तिला पुरते. नेहमीच्या सफरचंदांना १००० तासांच्या आसपास लागते.

आपल्या दख्खनच्या पठारावर तेवढीही थंडी बहुधा भरत नाही. झाड पानं टाकत नाही आणि फांदीवरचे डोळे (अंकुर) आळशासारखे मागेपुढे फुटतात. म्हणून डाळिंबासारखीच पानगळ करायची. डिसेंबरात पाणी तोडून ताण द्या, मग पानं हाताने खुडा. देठाजवळचा डोळा मोडू देऊ नका, कारण फूल तिथूनच येतं. जावा बेटावरच्या बाटूमध्ये अशाच पानखुडीवर ॲनाचे वर्षाला दोन बहार घेतात.

एकट्या ॲनाला फळं लागतात, पण कमी. परागीकरणासाठी आठ-नऊ झाडांमागे ‘डॉर्सेट गोल्डन’ जातीचं एक सफरचंद लावा, दोन्ही एकाच वेळी फुलतात. कलम घेताना खुंट, म्हणजे ॲना ज्या मुळाच्या झाडावर बांधली ते, कोणता हे विचारा. एमएम १११ पाण्याचा ताण सोसतो. एमएम १०६ भारी काळ्या जमिनीत बुडाशी कुजतो. कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर हवा. तो गाडला गेला तर वरच्या भागालाच मुळं फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो.

फळधारणेनंतर महिन्याभरात विरळणी करा : झुबक्यात एक फळ, दोन फळांत वीतभर अंतर. जीवावर येतं खरं, पण न केल्यास फळं लिंबाएवढी राहतात आणि पुढच्या वर्षी झाड रुसतं.

फळ लांबट, खाली निमुळतं. साल हिरवट-पिवळी, उन्हाच्या बाजूला लाली. गर पांढरा, कुरकुरीत, आंबटगोड. लाली चढायला थंड रात्री लागतात, त्या आपल्याकडे मे-जूनमध्ये कुठल्या? त्यामुळे लालीवर तोडणी ठरवली की फसगत होते. तोवर गर पिठूळ झालेला असतो. फुलोऱ्यानंतर साडेतीन महिन्यांनी सालीचा हिरवेपणा पिवळ्याकडे झुकतोय का ते बघा. मग एक फळ आडवं कापून त्यावर टिंक्चर आयोडीन चोळा. सगळा काप काळा पडला तर पिष्ट (स्टार्च) अजून आहे, थांबा. मधला भाग पांढरा राहून कडेलाच काळं उरलं की तोडा. तोडलेली फळं त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवा. टोपलीत बाहेर राहिली तर आठवडाभरात मऊ पडतात.