पायताण शोधणाऱ्याला कापशी सापडू दे
कोल्हापुरी चपलांची वेबसाइट झकास झाली, पण गुगलवर दिसत नाही? आधी बघा, मापं आणि दर फोटोवरच छापलेत का. सर्च इंजिन मुख्यतः मजकुराची नोंद घेतं, तेव्हा तोच मजकूर फोटोखाली टाइप करा, तोही युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीत. डीटीपीवाल्याकडून आलेली जुन्या फॉन्टमधली फाइल पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. ती कुणाच्या शोधात येणार?

प्रत्येक प्रकाराला वेगळं पान द्या. नुसतं ‘कापशी’ हे शीर्षक पुरत नाही. ‘कापशी कोल्हापुरी चप्पल, पुरुषांसाठी’ असं लिहा. आपल्याकडचं गिऱ्हाईक ‘पायताण’ म्हणतं, पुण्या-मुंबईचं ‘चप्पल’, म्हणून वर्णनात दोन्ही शब्द सहज येऊ द्यात. नुसती शब्दांची माळ ओवू नका, गुगल ती स्पॅम धरतं.

मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, गुगलच्या ‘सर्च कन्सोल’ या साधनात द्या, ते फुकट आहे. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात. दुकानाला एकच रग्गड. तरीही एखादं पान येत नसेल तर तिथेच त्याचा पत्ता तपासा. साइट बनवताना लावलेली ‘नोइंडेक्स’ची, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ सांगणारी, खूण काढायची राहून गेलेली असू शकते.