भाताच्या मुळांतील प्रोटॉन पंपाचे काम प्रयोगशाळेत कसे पाहावे

खाजणाच्या, म्हणजे गोव्यातील खाडीकाठच्या सखल शेतांच्या, खारट चिखलात उभ्या असलेल्या भाताला मुळात शिरलेला सोडियम बाहेर टाकावा लागतो. त्यासाठी लागणारी ताकद पेशीपटलातील प्रोटॉन पंप, म्हणजे प्रोटॉन (धनभारित हायड्रोजन) बाहेर ढकलणारी प्रथिने, पुरवतात. हा पंप एटीपीच्या (पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाच्या) एका रेणूवर एक प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतो. त्यामुळे बाहेर आम्लता वाढते, आत ऋण भार उरतो आणि या फरकाच्या जोरावर एसओएस-१ हे प्रथिन प्रोटॉन आत घेऊन सोडियम बाहेर सोडते. या पंपाची जनुके अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या लहान रोपात ११, तर भातात १० आहेत. जनुक डोळ्यांना दिसत नाही, पण पंपाचे काम रंगावरून पाहता येते, आणि गोव्यातील विद्यार्थ्यांनी ते कोरगूट या खारटपणा सोसणाऱ्या स्थानिक भातावरच पाहावे असे मला मनापासून वाटते.

बी भिजवून ओल्या गाळणकागदावर रुजत घालावे आणि मुळे दोन-तीन सेंटिमीटर वाढू द्यावीत. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ७ ग्रॅम अगार, ०.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, ०.१३ ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि आम्लतेनुसार रंग बदलणारा दर्शक म्हणून ०.०४ ग्रॅम ब्रोमोक्रेसॉल पर्पल घालून उकळावे. विहिरीचे पाणी वापरू नये, कारण त्यातील बायकार्बोनेट आम्ल शोषून घेते आणि रंग बदलतच नाही. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून सामू (पीएच) ६ च्या आसपास आणावा. मिश्रण हाताला सोसवेल इतके निवले की बशीत ओतावे आणि थिजण्याआधी मुळे त्यात अलगद दाबावीत.

हा दर्शक सामू ५.२ च्या खाली पिवळा आणि ६.८ च्या वर जांभळा असतो. काही तासांत मुळाभोवती पिवळी कड उमटू लागते. ती पांढऱ्या कागदावर बशी ठेवून दर तासाला छायाचित्रात टिपावी, कारण आम्ल पसरत गेले की कडेची सीमा पुसट होते. तुलनेसाठी शेजारच्या बशीत उकळत्या पाण्यात बुडवून मारलेले मूळ ठेवावे. मात्र जिवंत मुळाच्या श्वसनातला कार्बन डायऑक्साइडही थोडे आम्ल देतो, म्हणून अमोनियम सल्फेटऐवजी पोटॅशियम नायट्रेट घातलेली तिसरी बशी अवश्य करावी: नायट्रेट प्रोटॉनसह आत जात असल्याने तेथे पिवळेपणा कमी पडतो किंवा रंग जांभळ्याकडे झुकतो.

दहांपैकी कोणते जनुक काम करत होते, हे मात्र रंग सांगत नाही. त्यासाठी मुळांतून आरएनए काढून आरटी-पीसीआर (आरएनएची डीएनए-प्रत करून ती वाढवण्याची चाचणी) करावे लागते. या जनुकांचे प्रथिन घडवणारे भाग एकमेकांशी फार जुळतात, म्हणून प्रायमर (नेमके जनुक गाठणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्या भागाबाहेरील, प्रत्येक जनुकात वेगळ्या असलेल्या टोकांवरून निवडावेत.